इन्व्हेस्टमेंट बँकिंगचे क्षेत्र आणि आपले महाविद्यालयीन विद्यार्थी



'बँकेत नोकरी' असे म्हटले की कोल्हापूर जिल्ह्यातील घराघरांत एकच चित्र उभे राहते. काउंटर, पासबुक, लेखनिकाची किंवा फार तर प्रोबेशनरी ऑफिसरची परीक्षा आणि महिनाअखेरचा ठरलेला पगार. आम्ही स्वतः कला शाखेची पदवी घेऊन याच वाटेने बँकेत आलो, त्यामुळे या वाटेला आम्ही कमी लेखणार नाही. आपल्या कितीतरी घरांत पहिला नियमित पगार याच वाटेने आला. परंतु बँकिंग याच नावाने ओळखले जाणारे आणखी एक क्षेत्र आहे, ज्याची आपल्या विद्यार्थ्यांना बहुधा वार्ताच नसते. मुंबईच्या मुलाला ते बारावीत कळते, आपल्या मुलाला पदवीनंतर दोन वर्षांनी कळते, आणि तोपर्यंत वेळ निघून गेलेली असते. प्रस्तुत लेखात त्या क्षेत्राची ओळख आणि त्याच्या तयारीचा मार्ग आपल्यापुढे मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

इन्व्हेस्टमेंट बँक म्हणजे काय ?

आमची बँक ठेवी घेते आणि कर्ज देते. इन्व्हेस्टमेंट बँकेचे मुख्य काम यांपैकी कोणतेच नाही. ज्या कंपनीला किंवा संस्थेला मोठे भांडवल हवे आहे, तिला ते कोणत्या मार्गाने, कोणाकडून आणि कोणत्या किमतीला मिळेल हे सांगणे आणि तो व्यवहार पार पाडून देणे हे तिचे काम. समभाग विकून भांडवल उभारायचे, रोखे काढायचे, दुसरी कंपनी विकत घ्यायची, दोन कंपन्यांचे विलीनीकरण करायचे, अशा प्रसंगी हे लोक सल्लागार असतात व त्याबद्दल फी घेतात. आपल्या देशाच्या कायद्यात त्यांना 'मर्चंट बँकर' म्हणतात. सेबीला १९९२ साली कायद्याने अधिकार मिळाले, त्याच वर्षी मर्चंट बँकरांसाठीही नियम झाले. सेबीकडे नोंदणी केल्याशिवाय कोणालाही हा व्यवसाय करता येत नाही.

हे सर्व लांबचे वाटत असेल तर आपल्याच गावचे उदाहरण घेऊ. रत्नाकर बँक १९४३ साली कोल्हापुरात स्थापन झाली. कोल्हापूर-सांगलीकडच्या व्यापारी व शेतकरी लोकांची ही बँक अनेक वर्षे आपल्याच भागापुरती होती. २०१० नंतर तिचे व्यवस्थापन बदलले, २०१४ साली ती आरबीएल बँक झाली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये तिने जनतेला समभाग विकले. किंमत २२५ रुपये ठरली. एकूण विक्री सुमारे १,२१३ कोटींची होती. त्यांपैकी ८३२ कोटींच्या वर रक्कम नव्या समभागांची, म्हणजे बँकेच्या तिजोरीत जाणारी होती. उरलेली जुन्या भागधारकांनी आपले समभाग विकल्याची होती. मागणी विक्रीच्या सुमारे ७० पट आली. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये दुबईच्या एमिरेट्स एनबीडी या बँकेने सुमारे २६,८५० कोटी रुपये गुंतवून आरबीएलचा ६० टक्के हिस्सा घेण्याचा करार जाहीर केला. ज्या बँकेची सुरुवात आपल्या पेठांतून झाली तिच्या मालकीची बोलणी दुबईशी झाली, आणि अशा प्रत्येक टप्प्यावर किंमत काढणारी, कागद तपासणारी, दोन्ही बाजूंना टेबलाशी बसवणारी माणसे लागतात. त्या माणसांत आपल्या भागातील मुले किती असतील, हा विचार आमच्या मनात येतो.

२०१६ च्या भागविक्रीत या बँकर मंडळींनी नेमके काय केले असेल ? प्रथम 'ड्यू डिलिजन्स', म्हणजे कसून तपासणी. बँकेचे हिशेब, थकीत कर्जे, चालू खटले, संचालकांची माहिती, रिझर्व्ह बँकेचा पत्रव्यवहार हे सर्व वकील व हिशेब तपासनिसांसह पाहायचे. त्यावरून माहितीपत्रक, म्हणजेच प्रॉस्पेक्टस तयार करायचे. त्यातील प्रत्येक आकड्याला आधार लागतो, आणि आम्ही तपासणी केली आहे असे प्रमाणपत्र मर्चंट बँकरला स्वतःच्या सहीने सेबीला द्यावे लागते. नंतर किमतीचा पट्टा ठरवून गुंतवणूकदारांकडून बोली मागवायची. याला 'बुक बिल्डिंग' म्हणतात. अशा विक्रीत नेहमीच्या पद्धतीप्रमाणे निम्म्यापर्यंत हिस्सा म्युच्युअल फंड, विमा कंपन्या अशा संस्थांना, किमान १५ टक्के मोठ्या वैयक्तिक व बिगर-संस्थात्मक अर्जदारांना आणि किमान ३५ टक्के तुमच्या-आमच्यासारख्या किरकोळ अर्जदारांना ठेवतात.

यातील पहाटेपर्यंत जागून करायचे काम कोणाचे असते ? नवीन लागलेल्या मुलांचे. त्यांना 'ॲनालिस्ट' म्हणतात. त्यावर असोसिएट, व्हाइस प्रेसिडेंट, डायरेक्टर आणि मॅनेजिंग डायरेक्टर अशी चढण आहे. (व्हाइस प्रेसिडेंट म्हणजे उपाध्यक्ष असे समजून दडपून जाऊ नये. या क्षेत्रात पाच-सात वर्षांच्या अनुभवाचे अनेक जण व्हाइस प्रेसिडेंट असतात.)

एक लहान हिशेब

हे काम कसल्या विचाराचे आहे ते शिरोली एमआयडीसीतील एका काल्पनिक फाउंड्रीच्या उदाहरणाने समजून घेऊ. पेन्सिल व कागद घेऊन बसावे. ज्याला हा हिशेब करताना मजा वाटेल त्याने पुढचा लेख लक्षपूर्वक वाचावा, ज्याला कंटाळा येईल त्यालाही आपल्याविषयी एक उपयुक्त गोष्ट कळेल.

समजा, फाउंड्रीचे २० लाख समभाग आहेत आणि कर भरून वर्षाचा नफा ४ कोटी रुपये आहे. म्हणजे प्रति समभाग नफा २० रुपये. अशा धंद्याला बाजार नफ्याच्या १५ पट किंमत देतो असे धरले तर कंपनीची किंमत ६० कोटी आणि एका समभागाची ३०० रुपये झाली. मालकाला नवी भट्टी व मोल्डिंग लाइन घालण्यासाठी १५ कोटी हवे आहेत. मार्ग दोन. पहिला, ३०० रुपयांनी ५ लाख नवे समभाग विकायचे. मग एकूण समभाग २५ लाख होतील व बाहेरच्यांचा हिस्सा २० टक्के होईल. दुसरा, बँकेकडून ११ टक्के दराने १५ कोटींचे कर्ज काढायचे. व्याज वर्षाला १ कोटी ६५ लाख. व्याजावर कर वाचतो. कराचा दर सोयीसाठी २५ टक्के धरला तर व्याजाचा खरा भार सुमारे १ कोटी २४ लाख पडतो.

आता नव्या भट्टीपासून कर जाऊन, पण व्याज वजा करण्यापूर्वी, ३ कोटी जादा नफा मिळाला असे समजू. समभाग विकले असतील तर एकूण नफा ७ कोटी, भागिले २५ लाख, म्हणजे प्रति समभाग २८ रुपये. कर्ज काढले असेल तर ७ कोटींतून १ कोटी २४ लाख गेले, उरले ५ कोटी ७६ लाख, भागिले २० लाख, म्हणजे २८ रुपये ८० पैसे. जवळजवळ सारखेच. भट्टीने ४ कोटी मिळवून दिले तर समभागांच्या मार्गाने ३२ रुपये आणि कर्जाच्या मार्गाने ३३ रुपये ८० पैसे. परंतु वाहन उद्योगात मंदी आली, ऑर्डरी कमी झाल्या आणि जादा नफा १ कोटीवरच थांबला, तर ? समभागांच्या मार्गाने २० रुपये राहतात, कर्जाच्या मार्गाने १८ रुपये ८० पैशांवर येतात. शिवाय या हिशेबात मुद्दलाचा हप्ता आलेलाच नाही. ऑर्डरी थांबल्या म्हणून हप्ता थांबत नाही, हे आम्ही आमच्या टेबलावरून वर्षानुवर्षे पाहत आहोत.

मग मालकाने काय करावे ? उत्तर केवळ आकड्यांत नाही. भट्टीला ऑर्डर देणारे गिऱ्हाईक एक आहे की सहा, मालकाला बाहेरच्या भागधारकांना वर्षातून चार वेळा हिशेब दाखवायची तयारी आहे का, घरातील दोन भावांचे पटते का, हे सर्व विचारात घ्यावे लागते. हे प्रश्न विचारण्याचे धैर्य व आकडे मांडण्याची शिस्त, या दोन्ही गोष्टींसाठी इन्व्हेस्टमेंट बँकरला फी मिळते. ही कल्पनेतील फाउंड्री असली तरी मार्ग कल्पनेतील नाही. आपल्या जिल्ह्यातील मेनन बेअरिंग्ज व मेनन पिस्टन्स या कंपन्यांचे समभाग शेअर बाजारात आहेत, आणि सिनर्जी ग्रीन इंडस्ट्रीज ही फाउंड्री २०१८ साली मुंबई शेअर बाजाराच्या लघु व मध्यम उद्योगांच्या मंचावर आली.

विलीनीकरणाचेही दोन नमुने आपल्या शेजारीच आहेत. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक सप्टेंबर २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधाखाली आली आणि ऑक्टोबरमध्ये आयडीबीआयमध्ये विलीन झाली. भागधारकांना प्रति समभाग २८ रुपये रोख मिळाले. सांगली बँक २००७ साली आयसीआयसीआयमध्ये गेली. तेथे रोख नव्हती, सांगली बँकेच्या ९२५ समभागांना आयसीआयसीआयचे १०० समभाग मिळाले. एका ठिकाणी रोख, दुसऱ्या ठिकाणी समभाग, असे का ? रोख घेणाऱ्याचा संबंध तेथेच संपतो, समभाग घेणारा नव्या संस्थेच्या नफ्या-तोट्याचा वाटेकरी होतो. हे गुणोत्तर कसे काढले असेल, याचा अभ्यास अर्थशास्त्र किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने प्रकल्प म्हणून अवश्य करावा. आपल्या घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाकडे त्या बँकांचे जुने सर्टिफिकेट असण्याचाही संभव आहे.

एक जुनी घटना

या विषयाचा आपल्या इतिहासाशी संबंध आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतले. बडोद्याच्या नोकरीत राहायला जागासुद्धा मिळू दिली गेली नाही, हे सर्वश्रुत आहे. त्यानंतर मुंबईस आल्यावर त्यांनी समभाग व रोख्यांच्या व्यवहारात लोकांना सल्ला देणारी एक पेढी काढली होती. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाने तो व्यवसाय निवडावा यात नवल नाही. सुरुवातीस काम बरे चालले. परंतु सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि पेढी बंद करावी लागली. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. मार्च १९२० मध्ये आपल्याच कोल्हापूर संस्थानातील माणगावची परिषद झाली, आणि त्याच वर्षी प्राध्यापकीतील शिल्लक, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य व पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडील कर्ज यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली तेथे प्रसिद्ध झाला.

ही घटना आम्ही येथे मुद्दाम सांगत आहोत. सल्ल्याच्या धंद्यात विकली जाणारी वस्तू म्हणजे विश्वास. माल चांगला असूनही गिऱ्हाइकाने विक्रेत्याकडे पाहून पाठ फिरवली तर काय होते, ते १९१८ साली दिसले. आज कोणी उघडपणे तसे विचारणार नाही. तथापि मुंबईच्या मुलाखतीत शाळा कोणती, इंग्रजी कसे, वडील काय करतात, सुट्टीत कोठे जाता, अशा गप्पांतून माणूस 'आपल्यातला' आहे की नाही हे चाचपले जाते. आपल्या विद्यार्थ्याला हे आधी माहीत असावे, म्हणजे तो गोंधळणार नाही. ज्या मुलाखतीत समोरच्या कंपनीचा ताळेबंद तुम्हाला त्यांच्यापेक्षा नीट पाठ आहे, तेथे सुट्टीच्या गप्पा लवकर संपतात. अडथळा त्यामुळे नाहीसा होतो असे आम्ही म्हणणार नाही, परंतु कमी निश्चित होतो.

तयारी कोठून करावी ?

पुस्तके विकत आणण्यापूर्वी घरातील फडताळ उघडावे. वडील साखर कारखान्याचे सभासद असतील, आई दूध संस्थेत किंवा पतसंस्थेत असेल, तर वार्षिक सभेपूर्वी आलेला अहवाल घरात कोठेतरी पडलेला असेल. आपल्या जिल्ह्यात खेडोपाडी ताळेबंद पोहोचतो, ही सहकाराची फार मोठी देणगी आहे, आणि आपण त्याचा उपयोग सभेच्या चहापुरता करतो ! तो अहवाल मराठीत असतो. त्यातील ताळेबंद व नफा-तोटा पत्रक घेऊन बसावे. भागभांडवल किती, कर्ज किती, गोदामातील साखर कोणत्या दराने धरली आहे, शेतकऱ्यांची देणी किती थकली आहेत ? साखरेचा दर क्विंटलला शंभर रुपयांनी कमी धरला तर नफ्याचा तोटा होतो का ? मालतारण कर्ज देताना आमच्या बँकेत हाच हिशेब करतात. साठ्याची किंमत धरायची, त्यातून मार्जिन वजा करायचे आणि उरलेल्या रकमेपर्यंतच पैसे उचलू द्यायचे. तीन वर्षांचे अहवाल शेजारी शेजारी ठेवले की कारखाना कोणीकडे चालला आहे ते अध्यक्षांच्या भाषणाशिवाय कळते.

हे प्रथम वर्षाचे काम. त्याच वर्षी हिशेबशास्त्राचा पाया पक्का करावा. नावे-जमा, घसारा, येणी-देणी, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नफा व रोख यांतील फरक. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी घाबरून जाऊ नये. अकरावी-बारावीची बुक-कीपिंगची पुस्तके चार महिन्यांत होतात. आम्ही कला शाखेचे असून नोकरीत आल्यावर ती शिकलो, तुम्हाला तर आधीच सुचविले जात आहे. अर्थशास्त्र घेतलेल्या कला शाखेच्या मुलाला लिहिण्याची सवय असते, आणि माहितीपत्रके व अहवाल लिहिण्याच्या या धंद्यात ती उपयोगी पडते.

दुसऱ्या वर्षी शेअर बाजारात असलेली एक कंपनी निवडावी. शक्यतो जिचा कारखाना आपण डोळ्यांनी पाहू शकतो अशी. तिचे पाच वर्षांचे वार्षिक अहवाल कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ते आकडे एक्सेलमध्ये स्वतःच्या हाताने भरावेत, तयार तक्ता उचलू नये. नफा-तोटा, ताळेबंद आणि रोख प्रवाह ही तिन्ही पत्रके एकमेकांना सूत्रांनी जोडावीत व पुढील तीन वर्षांचा अंदाज करावा. ताळेबंद जुळला नाही तर रात्रभर बसून चूक शोधावी. 'फायनान्शियल मॉडेलिंग' या भारदस्त नावाचा अर्थ बव्हंशी एवढाच आहे. मग मूल्यांकन. पुढील वर्षांत मिळणाऱ्या रोख रकमेची आजची किंमत काढणे ही एक पद्धत, आणि तत्सम कंपन्यांना बाजार नफ्याच्या किती पट देतो ते पाहणे ही दुसरी. दोन्हींची उत्तरे वेगवेगळी येतात. का वेगळी आली हे ज्याला सांगता येते, तो मुलाखतीस तयार झाला.

माहितीपत्रके सेबीच्या संकेतस्थळावर मोफत असतात. ती शेकडो पानांची असतात, सर्व वाचण्याची गरज नाही. 'जोखमीचे घटक' आणि 'पैसा कशासाठी वापरणार' ही दोन प्रकरणे मात्र वाचावीत. कंपनी स्वतःच्या उणिवा स्वतः लिहून देते अशी दुसरी जागा नाही. रोख्यांसाठी पुणे महानगरपालिकेचे उदाहरण पाहावे. जून २०१७ मध्ये तिने पाणीपुरवठा योजनेसाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटींचे रोखे काढले. नळाच्या पाण्याचा आणि रोखे बाजाराचा संबंध त्यातून कळेल. वाचनासाठी रोज एक इंग्रजी अर्थविषयक दैनिक आणि सोमवारचा लोकसत्तेचा 'अर्थवृत्तान्त' पुरे. करवीर नगर वाचन मंदिर आणि विद्यापीठाचे खर्डेकर ग्रंथालय आपल्याच गावात आहेत. इंग्रजीची भीती घालवण्याचा आम्हाला माहीत असलेला एकच उपाय आहे. रोज एका बातमीचा गोषवारा इंग्रजीत दहा ओळी लिहायचा व मोठ्याने वाचायचा.

प्रवेशाच्या वाटा

मोठ्या इन्व्हेस्टमेंट बँका मुख्यतः ठरावीक संस्थांतूनच मुले घेतात, हे कडू असले तरी सत्य आहे. म्हणून पहिली वाट आयआयएमची. त्यासाठी नोव्हेंबरअखेरीस कॅट ही परीक्षा असते. मुंबईत जमनालाल बजाज ही १९६५ सालची संस्था आणि सिडनहॅमच्या छायेतील शासकीय व्यवस्थापन संस्था आहे. तेथे राज्याच्या सीईटीनेही प्रवेश मिळतो व फी आयआयएमच्या मानाने बरीच कमी आहे. ज्या सिडनहॅममध्ये बाबासाहेबांनी शिकवले त्याच सिडनहॅमच्या छायेत शिकण्याची संधी आपल्या मुलांनी का सोडावी ? कोल्हापुरात सायबर ही संस्था १९७६ पासून आहे. व्यवस्थापनाचे चांगले शिक्षण तेथे मिळते, मात्र तेथून थेट मुंबईच्या मोठ्या बँकेत जाण्याची अपेक्षा न धरता मानांकन संस्था, मध्यम मर्चंट बँका, बँकांचे कर्ज विभाग असा टप्पा धरावा.

दुसरी वाट चार्टर्ड अकाउंटंटची, आणि सामान्य घरातील मुलासाठी ती आम्हाला अधिक भरवशाची वाटते. फी त्या मानाने कमी, कोल्हापुरात संस्थेची शाखा आहे, आणि २०२३ च्या नव्या योजनेनुसार आर्टिकलशिप तीन वर्षांऐवजी दोन वर्षांची झाली आहे. वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के व इतरांना ६० टक्के गुण असल्यास इंटरमीजिएटला थेट प्रवेश मिळतो. इन्व्हेस्टमेंट बँकेत नाही जमले तरी सीए उपाशी राहत नाही.

तिसरी सीएफए. अमेरिकन संस्थेची तीन पातळ्यांची परीक्षा. अभ्यास उत्तम, पण एकेका पातळीची फी हजार डॉलरच्या घरात जाते. गरजू विद्यार्थ्यांसाठी ती संस्था 'ॲक्सेस' शिष्यवृत्ती देते व फी बरीच कमी होते, हे ठाऊक नसल्याने कित्येक जण अर्जच करीत नाहीत. याखेरीज सेबीने स्थापलेल्या एनआयएसएमच्या परीक्षा आहेत. त्यांतील मर्चंट बँकिंगची व रिसर्च ॲनालिस्टची, या दोन विद्यार्थ्याने पदवीच्या शेवटच्या वर्षी द्याव्यात.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. 'सहा महिन्यांत इन्व्हेस्टमेंट बँकर व्हा, नोकरीची हमी' अशा जाहिराती हल्ली सर्वत्र दिसतात. फी लाखाच्या आसपास. त्यातून मिळणारी नोकरी बहुधा पुण्या-मुंबईच्या परदेशी बँकांच्या कार्यालयांतील 'ऑपरेशन्स' विभागाची असते. म्हणजे झालेल्या व्यवहारांची जुळणी, कागदपत्रांची छाननी, पैसे व रोखे वेळेवर पोहोचले की नाही ते पाहणे. काम प्रामाणिक आहे, पगारही मिळतो, परंतु ते वर वर्णन केलेले काम नव्हे व त्यातून या बाजूस येणे कठीण असते. पैसे भरण्यापूर्वी मागील वर्षीच्या विद्यार्थ्यांना कोणत्या पदावर घेतले याची लेखी यादी मागावी. यादी देण्यास टाळाटाळ झाली तर उठून यावे.

पैशाचा प्रश्न

आयआयएममध्ये दोन वर्षांचा खर्च वीस लाखांच्या वर जाऊ शकतो. हा आकडा ऐकून पालक हात टेकतात. अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी केंद्र शासनाची 'टॉप क्लास एज्युकेशन' ही योजना आहे. नामांकित संस्थांच्या यादीत प्रवेश मिळाल्यास व कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्यास, योजनेतील जागांच्या मर्यादेत, शिक्षण शुल्क शासन भरते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा अडीच लाख आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना, परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावची शिष्यवृत्ती. अटी दरवर्षीच्या जाहिरातीत नीट वाचाव्यात.

शैक्षणिक कर्जाविषयी आमच्या टेबलावरचे दोन शब्द. साडेसात लाखांपर्यंत तारण व जामीन मागू नये असा नियम आहे, आणि आयआयएमसारख्या संस्थांसाठी काही बँका त्याहून मोठे कर्जही विनातारण देतात. शाखेत 'होत नाही' असे उत्तर मिळाले तर नकार लेखी मागावा. शिक्षण चालू असताना हप्ता नसतो, व्याज मात्र चढत असते, ते घरच्यांना आधीच सांगावे.

आणि कर्ज काढण्यापूर्वी हेही पाहावे. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतील दीडशे वर्षांहून जुनी इन्व्हेस्टमेंट बँक बुडाली व जगभर हजारो तरुण रातोरात घरी बसले. बाजार पडला की भागविक्री थांबते आणि प्रथम नोकरकपात होते ती याच क्षेत्रात. कामाचे तास रात्री दहा-बारापर्यंत, कित्येकदा रविवारीही. घरी आजारी आई-वडील आहेत, धाकट्या बहिणीचे शिक्षण आहे, महिन्याचा पगार चुकून चालणार नाही, अशा विद्यार्थ्याने आधी सरकारी बँकेची अधिकारी परीक्षा द्यावी आणि नोकरीत राहून सीएफए किंवा एनआयएसएमच्या परीक्षांमार्गे पुढे जावे. सरकारी बँकांतही मोठ्या कर्जांचे विभाग असतात, स्टेट बँकेची तर एसबीआय कॅपिटल मार्केट्स ही स्वतंत्र मर्चंट बँक आहे. याला माघार समजू नये.

संस्थेच्या सभासदांसही एक विनंती. आपल्यापैकी जे बँकेत, विमा कंपनीत, जीएसटी किंवा ऑडिट खात्यात आहेत त्यांनी महिन्यातून एक रविवार द्यावा. मुंबईच्या मुलाला सल्ला देणारा काका असतो, आपल्या मुलाला तो नसतो, एवढाच कित्येकदा फरक असतो. एक इंग्रजी अर्थविषयक दैनिक संस्थेच्या अभ्यासिकेत सुरू करण्यास फार खर्च नाही. दरवर्षी दोन विद्यार्थ्यांची एनआयएसएम परीक्षेची फी भरणेही आपल्या आवाक्यातले आहे.

शेवटी कागदपत्रांविषयी. जातीचा दाखला, जात पडताळणी प्रमाणपत्र आणि चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला ही तीन कागदपत्रे प्रवेशाच्या वेळी हातात लागतात. पडताळणीस महिने लागू शकतात. म्हणून बारावीतच कॉलेजमार्फत अर्ज करून ठेवावा, मूळ प्रती प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये ठेवाव्यात आणि सर्व कागदांवर नावाचे स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे आहे की नाही ते आजच पाहून घ्यावे.